छत्रांची वाट

तंजावुरास डोंगर नाही. कावेरीने आणि तिच्या शाखांनी शतकानुशतके गाळ आणून टाकला आणि ही भूमी ताटासारखी सपाट करून ठेवली. शहराच्या नैऋत्येस सुमारे सात मैलांवर वल्लम येथे तांबड्या मातीचा एक उंचवटा आहे. तोच तंजावूरकरांचा घाट आणि तोच त्यांचा डोंगर. या उंचवट्याच्या खडीत स्फटिकाचे गोटे सापडत, आणि एके काळी ते घासून त्यांची चष्म्याची भिंगे करीत. पायाखालच्या खड्यांतून दृष्टी मिळावी, असे हे एकच ठिकाण असेल. असो.

अशा प्रदेशात सायकलीचे नवल कोणाला वाटणार? भात कापावयास जाणारा मजूर, दूधवाला, टपालवाला, शाळेत जाणाऱ्या मुली, सारे सायकलीवरच. शहरातील एका निवृत्त भूगोलशिक्षकांनीही आयुष्याची चाळीस वर्षे एकाच काळ्या रॅलेवर काढली. घरी मराठी, दारी तमिळ आणि वर्गात इंग्रजी अशा तीन भाषांतून त्यांचे दिवस गेले. ओळखीचे लोक त्यांना 'रायर' म्हणत; घरात ते मास्तर. त्यांची मराठी पुस्तकातून आलेली नव्हती. ती आजीकडून स्वयंपाकघरात आली होती. तरुणपणी एकदा पुण्यास गेले असता दुकानदाराने, "आपण कोणत्या प्रांतातले?" असे विचारले. तीनशे वर्षांपूर्वीच्या प्रवासाची ही पावतीच म्हणायची, असे ते पुढे हसत सांगत. मात्र पुण्यास ते पुन्हा गेले नाहीत.

त्यांचा भाचा चेन्नईत वाढला आणि गेली बारा वर्षे स्वित्झर्लंडच्या बर्न प्रांतात अभियंता आहे. एका फेब्रुवारीत तो आला तो एक भलामोठा पुठ्ठ्याचा खोका घेऊन. खोक्यात सुटी केलेली सायकल होती. डांबरी रस्ता सोडून खडीच्या, मुरमाच्या, शेतांतल्या वाटांनी दूरवर जाण्यासाठी अलीकडे जी सायकल निघाली आहे, ती ही. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात २००६ पासून कच्च्या रस्त्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यती भरू लागल्या आणि तेथून हे वेड जगभर पसरले. स्वित्झर्लंडमध्ये तर त्यासाठी भूमी तयारच होती. १९९८ मध्ये त्या देशाने नऊ राष्ट्रीय सायकलमार्ग आखून त्यांवर तांबड्या पाट्या लावल्या. एमेंटालच्या हिरव्या टेकड्या, मुर्टेनची तटबंदी आणि बुर्गडोर्फचा किल्ला या सर्वांना जोडणाऱ्या आडवाटा भाच्याला तोंडपाठ होत्या. प्रत्येक वळणावर पाटी, प्रत्येक टेकडीमागे एक जुने गाव आणि गावात उतरावयास जागा.

सायकल जोडून झाल्यावर त्याने अंगणात एक फेरी मारली आणि म्हणाला, "मामा, इथं चढच नाही. मग सायकल चालवायची कशासाठी?"

"चढ नसला तरी वारा असतो. समुद्राकडे निघालास म्हणजे कळेल," मास्तर म्हणाले. मग ते वाकून त्याच्या सायकलीचे चाक निरखू लागले. टायरच्या बाजूला आकडे होते, ४०-६२२. त्यांनी आपल्या रॅलेच्या टायरवरील धूळ बोटाने पुसली. तेथे होते २८ गुणिले दीड, आणि त्याखाली ४०-६३५. चाळीस म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. युरोप-अमेरिकेने खडीसाठी म्हणून जी रुंदी नव्याने शोधली, ती भारतातील खेड्यांत दुधाच्या किटल्या वाहणारी सायकल पिढ्यान्पिढ्या वापरीत आली आहे. भाच्याने दोन्ही आकडे दोनदा वाचले. तो पुढे काही बोलला नाही.

मास्तरांपाशी एक जुनी वही होती. तंजावुराहून रामेश्वराकडे जाणाऱ्या यात्रामार्गावर भोसले राजांनी बांधलेल्या छत्रांच्या जागा त्यांनी वीस-पंचवीस वर्षे सायकलीवर हिंडून तीत टिपल्या होत्या. छत्र या शब्दाने महाराष्ट्रातील वाचकाला अन्नछत्र आठवेल, आणि ते बरोबरच आहे. परंतु तंजावूरचे छत्र त्याहून मोठी संस्था होती. १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजींच्या हातून राज्यकारभार गेला आणि तो इंग्रज कंपनीकडे आला. राज्य गेल्यावर राजा काय मागतो, यावरून त्याची पारख करावी. १८०१ मध्ये सरफोजींनी तंजावूरचा रेसिडेंट टॉरिन यास छत्रांसंबंधी एक सविस्तर पत्र लिहिले. छत्रांची व्यवस्था आपल्याकडे राहावी, ही त्यामागची तळमळ. ब्राह्मणापासून अस्पृश्य गणलेल्यांपर्यंत कोणत्याही वाटसरूला तेथे अन्न मिळे. शिजवलेले अन्न ज्यास चालत नसे त्याला शिधा मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असल्यास यावे, अशी हाक दिली जाई. आजाऱ्याला वैद्य, बाळंतिणीला आसरा, अनाथ मुलांना शिक्षक आणि वाटेतच मेलेल्याला अंत्यसंस्कार, हे सारे तेथे होई. तंजावूरची ख्याती धर्मराज्य अशी आहे आणि तोच आपल्याला सर्वांत मोठा मान वाटतो, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे आहे. सत्ता गमावलेल्या माणसाचे हे बोल पोकळ वाटू शकले असते. मागे मध्यरात्रीची ती घंटा आहे म्हणून तसे वाटत नाहीत.

ही माहिती मास्तरांनी इंग्रजीतून आणि तमिळमधून मिळवली. सरस्वती महालात मोडी कागदांचे गठ्ठे आहेत. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या तमिळ विद्यापीठाने त्यांतील कागदांची तमिळ भाषांतरे प्रसिद्ध केली. मास्तरांना मोडी येत नाही. पूर्वजांनी मराठीत लिहून ठेवलेला हिशोब वंशजाने तमिळमधून वाचावा, या गोष्टीला उपरोध म्हणावे की उपकार, हे त्यांनी कधी ठरवले नाही. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा प्रचंड मराठी शिलालेख मात्र देवनागरीत आहे. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ते भाच्याला तेथे घेऊन गेले. तो शाळेत हिंदी शिकलेला. बोट फिरवीत चार ओळी त्याने वाचल्या. शब्द उच्चारता आले, अर्थ अर्धामुर्धा लागला.

वाट त्यांनी 'पुदु आरु'च्या काठाने धरली. पुदु आरु म्हणजे नवी नदी. कल्लणैपासून निघणारा हा कालवा १९३४ मध्ये मेट्टूरच्या धरणाबरोबर पुरा झाला आणि तंजावूर शहराच्या मधून दक्षिणेकडे गेला. लोकांनी त्याला कालवा न म्हणता नदी म्हटले, यातच कावेरीकाठच्या माणसाचे मन दिसते. मेट्टूरचे पाणी रिवाजाने १२ जूनला सुटते आणि २८ जानेवारीला बंद होते. पावसाळा येथे ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या दिवसांत भरावाची माती चाकाला धरून ठेवते. फेब्रुवारीत कालवा कोरडा पडतो, भरावावरचा मुरूम घट्ट बसतो आणि एका बाजूस कापणी झालेली भातखाचरे, दुसऱ्या बाजूस नारळ, अशी मैलोगणती वाट मोकळी मिळते. भाच्याने कबूल केले की, असा सलग कच्चा रस्ता त्याच्या स्वित्झर्लंडातही सहजी सापडत नाही.

सूर्य वर येण्याच्या सुमारास त्याच्या टायरात बाभळीचा काटा शिरला. त्या टायरात ट्यूब नव्हती. भोक आपोआप बुजवणारा एक पांढरा चीक आत भरलेला असतो, तो भसाभस बाहेर आला, पण भोक काही बुजले नाही. पुढच्या गावातील सायकल-दुरुस्तीवाल्याने ते प्रकरण सर्व बाजूंनी पाहिले, मग रॅलेची म्हणून टांगलेली ट्यूब काढून चाकात कोंबली. ती किंचित मोठी होती, एक घडी पडली, पण चालली. मजुरी त्याने नेहमीचीच घेतली. परदेशी सायकलीला जास्त द्यावे असे भाच्याने सुचवताच तो मास्तरांकडे पाहून तमिळमध्ये म्हणाला, भोक गावचेच आहे.

ओरत्तनाडू तंजावुराहून सुमारे २४ किलोमीटर आहे. पायी चालणाऱ्या यात्रेकरूचा तो एक दिवस. सायकलीला मध्येच खोळंबा झाला तरी तीन तास. कालव्याचा काठ सोडून गावरस्त्याने आत शिरले की मुक्तांबाळ छत्र लागते. सरफोजींची एक प्रिय सहचरी मुक्तांबा; आपल्या नावाने छत्र बांधावे, एवढेच तिने मरताना मागितले, असे सांगतात. १८०२ च्या सुमारास ते उभे राहिले. वास्तूला रथाचा आकार दिलेला आहे आणि तो ओढणारे हत्ती-घोडे दगडात कोरले आहेत. राणी नसलेल्या स्त्रीच्या नावाने असा रथ उभा राहावा आणि त्याने जागचे हलू नये, कारण येणाऱ्याला तो तेथेच सापडला पाहिजे. या कल्पनेत जो विवेक आहे तो पुष्कळ राजवाड्यांत आढळत नाही.

भाचा चौकात उभा राहिला आणि एकाएकी बुर्गडोर्फविषयी बोलू लागला. त्या किल्ल्यात १८०० ते १८०४ या काळात पेस्तालोत्सीने आपली शाळा चालवली होती. म्हणजे ओरत्तनाडूचे छत्र उभे राहत होते, जवळजवळ त्याच वर्षांत. आणि २०२० पासून त्या किल्ल्यात प्रवाशांसाठी वसतिगृह आहे. तो स्वतः तेथे दोनदा राहिला होता. छत्रांच्या उत्पन्नावर पुढे शाळा आणि विद्यार्थ्यांची वसतिगृहे चालली, हे मास्तरांनी त्याला सांगितले. घंटा गेली, पण मुले जेवत राहिली. "मग वाटसरूला आज कुठं उतरायचं?" भाच्याने विचारले. मास्तरांनी पट्टुकोट्टैच्या दिशेने हात केला. तेथे लॉज आहे.

दुसऱ्या दिवशी पट्टुकोट्टै सोडल्यावर नारळाच्या बागा विरळ झाल्या. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी आलेल्या गजा चक्रीवादळाने या तालुक्यांतील नारळीच्या बागा आडव्या केल्या होत्या. नव्याने लावलेली झाडे अजून पुरती उंच झालेली नाहीत. सावली कमी आणि समुद्रावरून येणारा वारा थेट तोंडावर. भाच्याने दातेरी चकत्या बदलून पाहिल्या, मान खाली घातली, तरी वेग वाढेना. एकच दाता असलेल्या रॅलेवर मास्तर ताठ बसून त्याच गतीने येत राहिले. चढाचा विषय नंतर निघाला नाही.

समुद्रकाठी सरभेंद्रराजपट्टणम येथे सरफोजींचा मनोरा आहे. तमिळ लोकही त्याला 'मनोरा'च म्हणतात. तंजावूरच्या मराठ्यांचा एक शब्द असा भाषेची हद्द ओलांडून नकाशावर बसला. सहा कोनांचा, आठ मजल्यांचा हा बुरूज १८१४-१५ मध्ये नेपोलियनच्या पराभवाच्या आणि इंग्रजांच्या विजयाच्या स्मरणार्थ उभारला. त्यावरचा लेख सरफोजींना ब्रिटिशांचा मित्र म्हणतो. मास्तरांना हा मनोरा कधीच आवडला नाही. पुष्कळ अभ्यासक त्याकडे राजनिष्ठेचे प्रदर्शन म्हणून पाहतात, आणि ते नाकारता येत नाही. ज्याचे राज्य काढून घेतले त्याने काढून घेणाऱ्याच्या यशाचा स्तंभ उभारावा, हे पाहवत नाही. परंतु त्याच राजाने त्याच यात्रामार्गावर छत्रेही चालवली. मनोरा दुरून दिसावा म्हणून बांधला होता. छत्र जवळ गेल्याशिवाय दिसत नाही.

नेपोलियनचे नाव निघताच भाच्याला आल्प्समधील ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड आठवली. सुमारे २,४७० मीटर उंचीवर अकराव्या शतकापासून तेथे धर्मगुरूंचे एक आश्रयस्थान आहे आणि हिमवादळात सापडलेल्या वाटसरूला ते आजही दार उघडतात. मे १८०० मध्ये नेपोलियनचे सुमारे ४० हजार सैनिक त्या खिंडीतून इटलीत उतरले. वाटेत त्यांना याच धर्मगुरूंनी खाऊपिऊ घातले. खालच्या बूर-सेंट-पिएर गावाकडून घेतलेली लाकडे, खेचरे आणि भांडी यांचे पैसे नेपोलियनने देतो म्हणून दिले नाहीत. ते देणे प्रतीकरूपाने का होईना, फ्रान्सच्या अध्यक्षांनी १९८४ मध्ये फेडले. मास्तर या गोष्टीवर मनापासून हसले. "पावती जपून ठेवली, म्हणून मिळाले," ते म्हणाले.

भाचा फोनवर आलेली दोन दिवसांची वाट पाहत बसला होता. तंजावुरापासून समुद्रापर्यंत एक निळी रेघ. तिच्यावर छत्रांच्या खुणा घालाव्यात, तांबड्या पाट्या लावाव्यात, इतर सायकलवाल्यांनी यावे, असे त्याच्या मनात आले होते. त्याने वही मागितली. मास्तरांनी ती पिशवीतून काढून दिली. पहिले पान उघडून भाचा थांबला. अक्षर देवनागरी होते, पण गावांची नावे मराठी वळणाने लिहिलेली, अंतरे कोसांत, आणि मधूनमधून घरातल्या बोलीत शेरे: कुठल्या विहिरीचे पाणी मचूळ, कुठल्या वडाखाली मुंग्या. फोनमध्ये हे घालावयाचे तर आधी वाचता आले पाहिजे, आणि वाचून दाखवणारा माणूस सत्तरीच्या पुढचा. "मामा, पहिली दहा पानं आज रात्री वाचून दाखवाल?" त्याने विचारले. मास्तरांनी चष्मा पिशवीत शोधला. तो सापडेपर्यंत बराच वेळ गेला.

परतीच्या वाटेवर वारा पाठीशी होता आणि दोघेही न बोलता वेगाने आले. पट्टुकोट्टैच्या अलीकडे भाच्याने रामेश्वराच्या दिशेचे पुढचे छत्र विचारले. मनमेलकुडी, मास्तर म्हणाले, पण या खेपेस नको; पुढच्या वर्षी, पाणी सुटण्याच्या आत ये.

"मुलीला आणू? ती आठ वर्षांची आहे. मराठी तिला कळत नाही."

"आण. तिच्या मापाची सायकल इथं भाड्यानं मिळेल."