चैत्रातल्या पातळीचे गणित

पंपाच्या नेमप्लेटवर अश्वशक्तीचा आकडा ठळक छापलेला असतो, पण त्या आकड्यावरून पंप किती पाणी देईल हे कळत नाही. पाणी किती उंच चढवायचे, किती लांब न्यायचे आणि किती जाडीच्या पाइपातून न्यायचे, हे ठरल्यावरच अश्वशक्तीला अर्थ येतो. आणि हे न ठरवता घेतलेली मोटर एक तर पाणी पोहोचवत नाही, नाही तर पाण्यापेक्षा विजेचाच अधिक उपसा करते. पोहरादेवीच्या शिवारातील एका विहिरीवर लेखकाच्या कुटुंबाने नवीन पंप निवडला, तेव्हा केलेला हिशेब पुढे समुद्री प्रवाळांच्या एका काचेच्या टाकीसाठीही जसाच्या तसा उपयोगी पडला. त्या दोन्ही निवडींचा हा वृत्तान्त आहे.

वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे बंजारा समाजाची काशी मानले जाते, आणि तेथील मोठी यात्रा रामनवमीला, म्हणजे ऐन चैत्रात भरते. हा सारा प्रदेश काळ्या पाषाणाचा, अर्थात बेसाल्टचा असल्यामुळे जमिनीखालचे पाणी अखंड साठ्यासारखे नसते. खडकाचा वरचा झिजलेला थर आणि त्याखालच्या भेगा यांत जेवढे मुरले असेल तेवढेच ते असते. त्यामुळे पावसाळ्यात काठाजवळ दिसणारे पाणी उन्हाळ्यात झपाट्याने तळ गाठते. ज्या महिन्यात विहिरीत पाणी सर्वांत खोल असते, त्याच महिन्यात पिकांना, गुरांना आणि रस्त्याने येणाऱ्या यात्रेकरूंना ते सर्वांत अधिक लागते, आणि म्हणूनच पंपाचा हिशेब श्रावणातल्या पातळीवर न मांडता चैत्रातल्या पातळीवर मांडणे आवश्यक ठरले. दोरीला दगड बांधून मोजलेली ती पातळी जमिनीपासून 12 मीटर खाली भरली. पाणी ज्या सिमेंटच्या टाकीत सोडायचे होते तिचा काठ विहिरीपेक्षा 9 मीटर उंच होता आणि पाइपलाइन 250 मीटर लांब जाणार होती.

खालच्या पाण्याच्या पृष्ठभागापासून वर पाणी जेथे मोकळे पडते तेथपर्यंतच्या सरळ उभ्या अंतराला स्थिर उंची किंवा स्थिर हेड म्हणतात. येथे ते 21 मीटर होते. परंतु वाहते पाणी पाइपाच्या आतल्या भिंतीला घासत जाते आणि त्या घर्षणात खर्च होणारा जोर हाही जणू अधिक उंची चढण्यासारखाच असतो, म्हणून तोही मीटरमध्येच मोजतात आणि त्याला घर्षण हेड म्हणतात. दोन्हींची बेरीज म्हणजे एकूण हेड. सेकंदाला 5 लिटर, म्हणजे तासाला 18,000 लिटर पाणी धरले, तर 63 मिलिमीटरच्या, ज्याला शेतकरी दोन इंची म्हणतात त्या पाइपात 250 मीटरांमागे घर्षणच सुमारे 16 मीटर होते. 75 मिलिमीटरच्या अडीच इंची पाइपात ते साडेसहा मीटरांवर येते, आणि 90 मिलिमीटरच्या तीन इंचीत जेमतेम तीन मीटर उरते. पाइपाचा व्यास थोडासा वाढला तरी घर्षण इतके कोसळते, याचे कारण तेवढ्याच पाण्यासाठी ते साधारणपणे व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात घटते.

या एका गोष्टीने निवडीचा सगळा क्रम उलटा झाला. दुकानात मोटर आधी ठरते आणि पाइप नंतर, उरलेल्या पैशांत घेतला जातो. वास्तविक पाइप आधी ठरला पाहिजे. बाक आणि व्हॉल्व्ह यांचे दीड-दोन मीटर धरून दोन इंचीचे एकूण हेड 39 मीटर होते, अडीच इंचीचे 29 मीटर. लिटर प्रतिसेकंद, मीटर आणि 9.81 यांचा गुणाकार म्हणजे प्रत्यक्ष पाण्याला मिळणारी शक्ती, वॅटमध्ये. पंप त्याला मिळालेल्या शक्तीपैकी निम्मीच पाण्याला देतो असे सावधपणे मानले, तर दोन इंचीसाठी पाचापेक्षा किंचित अधिक अश्वशक्ती लागते, म्हणजे बाजारातली साडेसातचीच मोटर घ्यावी लागते, आणि अडीच इंचीसाठी पावणेचारच्या आसपास लागते, म्हणजे पाचची पुरते. पाइपाचा वाढीव खर्च एकदाच होतो. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांची वीज राज्य सरकारने मोफत केली असल्यामुळे हा फरक शेतकऱ्याला बिलात दिसणार नाही, हे खरे. पण डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, भार वाढला की टोकाच्या शेतात व्होल्टेज पडते आणि मोटरीचे वाइंडिंग जळते, ते मात्र त्याच्याच पदरी पडते. म्हणून वीज मोफत असली तरी लहान मोटर हीच योग्य निवड होती, असे लेखकाचे ठाम मत आहे.

मोठी मोटर नाकारण्याचे आणखी बळकट कारण विहिरीतच होते. चैत्रात झऱ्यांतून येणारे पाणी थोडे असते. मोठ्या मोटरीने विहीर लवकर उपसते आणि त्यानंतर मोटर कोरडी फिरते. किती पाणी घ्यायचे हे मोटर ठरवत नसून विहिरीचा पाझर ठरवतो. विहिरीच्या काठावर ठेवायचा मोनोब्लॉक पंपही याच पातळीमुळे बाद झाला, कारण कोणताही पंप पाणी ओढत नसतो, तर बाहेरच्या हवेचा दाब ते वर ढकलतो. समुद्रसपाटीलासुद्धा ही मर्यादा सैद्धांतिकदृष्ट्या 10.3 मीटर असते आणि व्यवहारात सहा-सात मीटरच उरते. म्हणून पाण्यातच बुडून राहणारा ओपनवेल सबमर्सिबल घेतला गेला. पावसाळ्यात पातळी वर आली की एकूण हेड घटते, पंप अधिक पाणी देतो आणि त्याबरोबर अधिक करंटही घेतो. त्यामुळे नेमप्लेटवरील हेडच्या मर्यादेत ही खालची बाजूही बसते की नाही, हे पाहावे लागले. अधिक हेडचा पंप केव्हाही बरा, हा गावोगावचा समज येथेच खोटा ठरतो.

याच घराण्यातील एक तरुण उत्तर अमेरिकेत राहतो. त्याने दिवाणखान्यात 450 लिटरची प्रवाळटाकी मांडली आणि तिचे पाणी स्वच्छ करणारी सारी यंत्रणा तळघरातील दुसऱ्या टाकीत ठेवायचे ठरवले. या खालच्या टाकीला सम्प म्हणतात. वरच्या टाकीतले पाणी काठावरून ओसंडून उताराने सम्पमध्ये येते, गाळले जाते, आणि रिटर्न पंप ते पुन्हा वर पाठवतो. सम्प टाकीच्या खालीच कपाटात असेल, तर हेड जेमतेम दीड मीटर भरते. तळघरात नेला की दोन पाण्यांच्या पृष्ठभागांमधील अंतरच सुमारे तीन मीटर होते आणि बाकांसह एकूण हेड चारच्या घरात जाते. अशा पंपांच्या खोक्यावर ताशी लिटरांचा जो आकडा असतो तो शून्य उंचीचा असतो, आणि कमाल हेडचा जो आकडा असतो त्या उंचीवर प्रवाह शून्य असतो. मधले सगळे काही आलेखावर असते, आणि आलेखच पाहायचा राहून जातो.

पोहरादेवीत मांडलेला प्रश्नच त्याला विचारला गेला: पाणी किती हवे? पूर्वी प्रवाळांसाठी लागणारा सगळा खळाळ रिटर्न पंपाकडूनच मिळवण्याची रीत होती. तळघराच्या बाबतीत ती महागात पडते. टाकीच्या आकारमानाच्या तीन ते पाच पट पाणी ताशी सम्पमधून फिरले की गाळणीचे काम भागते, आणि टाकीतला खळाळ आतच लावलेल्या छोट्या प्रवाहपंपांनी निर्माण करता येतो, कारण त्यांना पाणी कुठेही चढवायचे नसते. ताशी 2,250 लिटर पाणी चार मीटर चढवण्यास पाण्याची शक्ती 25 वॅटच लागते. परंतु एवढ्या लहान पंपांची कार्यक्षमता कमी असल्यामुळे प्रत्यक्षात 80-90 वॅट लागतात, म्हणजे दिवसाला दोन युनिट, आणि हा पंप वर्षभर अहोरात्र चालतो. शिवाय पाण्यात बुडवलेल्या पंपाची बहुतेक वीज अखेर उष्णता होऊन त्याच पाण्यात उतरते आणि प्रवाळांना तर 25-26 अंश सेल्सिअसच्या आसपासचे स्थिर तापमान लागते.

वेग कमी-जास्त करता येणारा डीसी पंप त्याला आकर्षक वाटत होता. सौर कृषिपंपांचा गावातला अनुभव येथे कामी आला. केंद्रापसारी पंपाचा वेग 80 टक्क्यांवर आला की त्याचे हेड 64 टक्क्यांवर येते, कारण ते वेगाच्या वर्गाने बदलते. म्हणून सकाळच्या कोवळ्या उन्हात सौरपंपाची मोटर फिरताना ऐकू येते, पण उंचावरच्या टाकीत थेंब पडत नाही. तळघरातला डीसी पंपही थोडासा मंद केला की दिवाणखान्यातला प्रवाह पुरता थांबू शकतो. त्यामुळे पूर्ण वेगाला सहा-सात मीटर हेड देऊ शकणारा पंप आणि रुंद पाइप अशी जोडी ठरली.

एका बाबतीत मात्र दोन्ही ठिकाणांचे नियम वेगळे निघाले. विहिरीच्या पाइपलाइनवर पाणी उलट फिरू न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावाच लागतो. प्रवाळटाकीत त्याच्या झडपेवर चुनखडीचे शेवाळ चढते आणि ती नीट मिटत नाही, म्हणून त्याच्यावर विसंबता येत नाही. वीज गेल्यावर वरून जेवढे पाणी खाली येईल तेवढी जागा सम्पमध्ये रिकामी ठेवणे हाच खरा उपाय असतो, आणि ती जागा पंप बंद करून प्रत्यक्ष मोजून घ्यावी लागते.

विहीर असो वा टाकी, पंप घेण्यापूर्वी वाचकाने खालच्या पाण्याची सर्वांत खोल पातळी स्वतः मोजावी, पाइपाचा व्यास ठरवावा, मगच दुकानात जावे. आणि हेड व प्रवाह यांचा आलेख जेथे दाखवला जात नाही, तेथून पंप घेऊ नये.