घरखर्च की भांडवल?

सांगलीच्या गणपती पेठेत किराणा मालाचा घाऊक व्यापार करणाऱ्या एका कुटुंबात गेल्या दिवाळीनंतर एक लहानसा प्रश्न उभा राहिला. प्रश्न होता स्टँड मिक्सर घ्यावा की नाही, आणि घ्यावयाचा तर कोणता.

घरातील थोरली सून सहा वर्षांपासून नानकटाई आणि अंड्याविना केक करते. आरंभ मुलांच्या वाढदिवसांपासून झाला. पुढे नातलगांची आणि मग ओळखीपाळखीच्या घरांची मागणी येऊ लागली. नानकटाईसाठी थिजलेले तूप आणि पिठीसाखर परातीत तळहाताने फेसावी लागते. मिश्रण पांढरेशुभ्र आणि हलके होईपर्यंत, म्हणजे एका घाण्याला वीस-पंचवीस मिनिटे, हात थांबत नाही. दिवाळीच्या मागणीनंतर तिचे उजवे मनगट अंगठ्याच्या मुळाशी सुजले. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आणि हेच काम पुन्हा पुन्हा केल्यास दुखणे परत येईल, असेही बजावले. तिने दोन नेहमीच्या घरांना यापुढे नानकटाई मिळणार नाही असे कळविले. घरात कोणी त्याला हरकत घेतली नाही. "बरे झाले, दगदग वाचली," एवढेच सर्वांचे म्हणणे पडले. मनगटापेक्षा तिला हेच अधिक लागले.

चार दिवसांनी पतीने यंत्राचा विषय काढला. त्याच्या मोबाइलवर १५०० वॅटच्या यंत्राची जाहिरात होती. सोबत तीन उपकरणे आणि 'बिनव्याजी' हप्ते. वहिनींना मात्र शेजारच्या घरातील परदेशी बनावटीचे, चाळीस हजारांच्या वर किंमत असलेले यंत्र आठवले, आणि त्या आठवणीनेच त्या गप्प झाल्या.

तेव्हा सासूबाई आण्णांना म्हणाल्या, "दुकानात पोती हलवायला ढकलगाडी घेतली, तेव्हा घरात कुणी विचारलं होतं का?"

आण्णांनी उत्तर दिले नाही. त्यांनी सुनेला तीन महिन्यांचा हिशेब मागितला. हिशेब असा वेगळा नव्हताच. तूप, साखर, मैदा दुकानातून येत असे आणि 'घरखर्च' या खाती पडत असे. मिळालेले पैसे डब्यात जात आणि भाजीपाल्यात संपत. दोन संध्याकाळी बसून सासरे-सुनेने जुन्या चिठ्ठ्यांवरून आकडे जुळविले. दिवाळीपर्यंतच्या तीन महिन्यांत ४० किलो नानकटाई ४८० रुपये किलोने गेली होती: जमा १९,२०० रुपये. तूप, साखर, मैदा, वेलदोडा, वीज आणि डबे धरून किलोला २९० रुपये, म्हणजे एकूण खर्च ११,६०० रुपये. शिल्लक ७,६०० रुपये. ज्या कामाला घरात सहा वर्षे हौस म्हटले जात होते, ते नफ्यात चाललेले होते. व्यापारी घरात जन्म गेलेल्या माणसाला ही गोष्ट कागदावर आल्याखेरीज दिसली नाही, याची आण्णांना थोडी शरम वाटली असावी. त्यांनी नवीन वहीचे पान उघडून त्यावर सुनेचे नाव घातले.

मग यंत्राचा विचार मालाचा विचार करावा तसा झाला. प्रथम काम कोणते ते ठरले. अंड्याच्या केकमध्ये अंडी फेटून हवा भरावी लागते आणि स्टँड मिक्सरचा तेथे मोठा उपयोग असतो. अंड्याविना केकमध्ये फुगविण्याचे काम दही आणि खाण्याचा सोडा यांच्या संयोगातून निघणारा वायू करतो. तेथे मैदा घातल्यावर अधिक घोटले तर केक चिवट होतो. ते काम हाताने, हलकेच केलेले बरे. यंत्राचे दुसरे मोठे काम पावाची कणीक मळण्याचे. या घरात यीस्ट येत नाही, त्यामुळे पावही होत नाही. राहिले तूप-साखर फेसणे आणि केकवरील क्रीम फेटणे. जड कणकेसाठी लागणारी ताकद विकत घेण्याचे कारणच उरले नाही.

दोन हजारांच्या आत-बाहेर मिळणारा हातातील बीटर या दोन्ही कामांना पुरता. पण तो धरावयाचा त्याच दुखऱ्या मनगटाने. म्हणून तो बाद झाला. घरचा नेहमीचा मिक्सरही निरुपयोगी. त्याचे पाते मिनिटाला हजारो फेरे घेऊन कापते आणि तूप तापवून पातळ करते. येथे संथ घोटणी हवी. स्टँड मिक्सरमध्ये चपटा बीटर स्वतःभोवती फिरत फिरत भांड्याभोवतीही फिरतो, त्यामुळे कडेचे मिश्रण सुटत नाही.

वॅटच्या आकड्याचा मोहही उतरला. वॅट म्हणजे यंत्र किती वीज ओढते. ते किती काम करते, हे नव्हे. दातेरी चक्रांची घडण चांगली असेल, तर ३०० वॅटच्या आसपासचे नामांकित यंत्रही कणीक मळते. या यंत्राचा इतिहासही त्याच अंगाचा आहे. १९०८ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या होबार्ट कंपनीचे अभियंते हर्बर्ट जॉन्स्टन यांनी एका पाववाल्याला चमच्याने जड कणीक घोटताना पाहिले आणि त्यातून बेकरीसाठीचे मोठे यंत्र निघाले. १९१९ मध्ये किचनएड या नावाने त्याची घरगुती आवृत्ती आली, तेव्हा तिची किंमत १८९ डॉलर ५० सेंट होती; त्या काळी सामान्य घराला न झेपणारी. कष्ट करणाऱ्या हाताकडे कुणाचे तरी लक्ष गेले, तेथून हे यंत्र जन्मले.

हप्त्यांचा प्रश्न आण्णांनी एका वाक्यात मिटविला: रोखीचा भाव आणि उधारीचा भाव कधी एक नसतो. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनेही शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नसल्याचे बँकांना स्पष्ट कळविले होते. आजच्या 'बिनव्याजी' हप्त्यांत विक्रेता व्याजाएवढी सूट देतो आणि कार्ड देणारी बँक व्याज आकारते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि बहुधा प्रक्रिया शुल्क ग्राहकाकडूनच जाते. शिवाय रोखीवर मिळणारी सूट हातची जाते ती निराळीच.

अखेर गावातीलच दुकानात जाऊन ५ लिटर भांड्याचे ७,८०० रुपयांचे यंत्र पाहिले. आण्णांनी ते उलटे करवून खालची पट्टी वाचली: सलग किती मिनिटे चालवावे आणि मध्ये किती थांबवावे, हे तेथे लिहिलेले असते. स्वस्त यंत्रे बहुधा या मर्यादेकडे दुर्लक्ष झाल्यामुळे जळतात. सुनेने रिकाम्या भांड्यात रुपयाचे नाणे टाकून सर्वांत मंद वेगावर चपटा बीटर फिरविला. नाणे दर फेऱ्याला थोडे थोडे सरकले, म्हणजे बीटर तळाशी पोहोचत होता. मुळीच हलले नसते, तर तळाचे तूप तसेच राहिले असते. यंत्र ओट्यावर सरकते का, भांडे स्टीलचे आहे का, सुटे भाग आणि दुरुस्ती सांगलीत होते का, हे विचारून रोख पैसे दिले.

पाच वर्षे यंत्र चालले असे धरले, तर महिन्याला १३० रुपये पडतात. आठवड्याला तीन, म्हणजे महिन्याला १३ घाण्यांच्या हिशेबाने एका घाण्याला १० रुपये; आणि एका घाण्याचा नफा १९० रुपये. चाळीस हजारांच्या यंत्रात हाच भार घाण्याला ५० रुपयांच्या वर गेला असता. मागणी वाढली तर तेही परवडेल. आज ते घेणे म्हणजे दुकान लहान असताना गोदाम भाड्याने घेण्यासारखे झाले असते.

पहिल्या दिवशी पाव किलो तूप आणि पाव किलो पिठीसाखर भांड्यात पडली. आठ मिनिटे झाली. मध्ये पट्टीवर लिहिल्याप्रमाणे यंत्राला विश्रांती दिली होती. सासूबाईंनी चिमूटभर मिश्रण बोटांत चोळून पाहिले आणि म्हणाल्या, "कण लागतोय. अजून दोन मिनिटं." दोन मिनिटांनी त्यांनी मान हलविली. मग अर्धा किलो मैदा मात्र सुनेने नेहमीप्रमाणे हातानेच, डाव्या हाताने, हलकेच मिसळला.

त्या दुपारी तिने त्या दोन घरांना पुन्हा फोन केला. संध्याकाळी आण्णांनी तिच्या वहीत यंत्राचे ७,८०० रुपये लिहिले. 'घरखर्च' हा शब्द सवयीने लेखणीवर आला होता; तो खोडून त्यांनी 'भांडवल' असे लिहिले.