सहा आठवड्यांचा खर्च कोणत्या योजनेत बसतो?

"दीड हजारात सर्टिफिकेट मिळतंय काका. घेऊन टाकू का?"

२०२५ च्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या मुलीने मला हे विचारलं. ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, कॉम्प्युटर शाखेत. कॉलेजने सहा आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची केलेली आणि कंपनी शोधायची ज्याची त्याने. तिने पुण्यात चाळीसेक ठिकाणी मेल टाकले. दोन उत्तरं आली, दोन्हींनी उलट तिच्याकडेच पैसे मागितले. मग वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी एक लिंक टाकली. पैसे भरा, घरी बसून व्हिडिओ बघा, सहा आठवडे सॉफ्टवेअरचं काम केल्याचं रंगीत प्रमाणपत्र हजर. अर्ध्या वर्गाने घेतलं म्हणे.

मी म्हणालो, घेऊ नको. आणि मग आपण सगळेच जे करतो ते केलं, ओळखीच्या माणसाला फोन लावला. नगरच्या नागापूर एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. तिथले एक अधिकारी बातमीच्या निमित्ताने ओळखीचे. म्हणाले, "पाठवा. पण मानधन मिळणार नाही. आणि आमच्याकडे सॉफ्टवेअर म्हणजे एक्सेल, हे आधीच सांगून ठेवा."

तिचे वडील दोन एकर शेती आणि दोन गायींवर घर चालवतात. त्यांचा साधा प्रश्न होता, "कॉम्प्युटरची पोरगी लोखंडाच्या कारखान्यात जाऊन करणार काय?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे, म्हणून ही पोस्ट. (मुलीचं आणि कारखान्याचं नाव लिहीत नाही. लिहिण्याआधी तिला विचारलंय.)

मिरजगावपासून नगर पन्नासेक किलोमीटर. रुईछत्तीसीवरून एसटीने माळीवाडा स्टँड, तिथून रिक्षाने नागापूर. रोज जाऊन-येऊन जमणार नव्हतं, म्हणून एमआयडीसीजवळ कॉट बेसिसवर जागा घेतली. पहिल्या दिवशी गेटवरच्या माणसाने रजिस्टरमध्ये लिहिलं, मिरज. ती म्हणाली, मिरज नाही हो, मिरजगाव, कर्जत तालुका. तो म्हणाला, "म्हणजे मुंबईकडचं कर्जत?" आपल्या गावच्या माणसाला सांगलीतून आणि रायगडातून सुटका करून घेतल्याशिवाय स्वतःच्या जिल्ह्यात येता येत नाही. असो.

तिला वाटलं होतं पायथन लिहायला मिळेल, एआयचं काहीतरी असेल. मिळालं एक तेलकट रजिस्टर. प्रत्येक सीएनसी मशीनपाशी एक. ऑपरेटरने किती नग काढले, किती रिजेक्ट झाले, मशीन किती वाजता बंद पडलं, किती वाजता सुरू झालं, हे पेनने लिहायचं. सकाळी एक क्लार्क ते एक्सेलमध्ये उतरवणार, दुपारपर्यंत साहेबांना कालचा हिशेब कळणार. साहेबांचं म्हणणं होतं, हा हिशेब त्याच दिवशी दिसला पाहिजे.

सहा आठवड्यांतले पहिले दहा दिवस तिने एक ओळही कोड लिहिला नाही. नुसती मशीनशेजारी उभी राहिली. ती म्हणते, तेवढे दहा दिवस कॉलेजच्या तीन वर्षांपेक्षा जड गेले. इन्सर्ट म्हणजे धातू कापणारं छोटं पातं, ते झिजलं की बदलावं लागतं. नवा जॉब लागला की सेटर मशीन सेट करतो, पहिला नग गेजवर तपासतात, तो पास झाला तरच पुढचे निघतात. हे माहीत नसताना ती "मशीन बंद" हा शब्द कोडमध्ये कसा लिहिणार होती? मशीन दहा कारणांनी बंद असतं.

मग तिने एका जुन्या टॅबवर चालणारं साधं पान तयार केलं. पहिल्याच दिवशी ते फसलं. हाताला कुलंट आणि तेल, छोटी बटणं दाबलीच जाईनात. बटणं मोठी केली. इंग्रजी शब्द काढून मराठी घातले. शेडच्या कोपऱ्यात वायफाय पोचत नव्हतं, म्हणून नोंद टॅबमध्येच साठून नंतर पुढे जाईल अशी सोय केली.

दुसरा घोटाळा रात्रपाळीचा. ती स्वतः दिवसपाळीलाच असायची. सकाळी आल्यावर बघते तर एक मशीन उणे १,३९५ मिनिटं बंद! झालं असं, मशीन रात्री ११.४० ला थांबलं आणि १२.२५ ला सुरू झालं. खरी वेळ ४५ मिनिटं. प्रोग्रॅमने तारीख न बघता घड्याळातून घड्याळ वजा केलं. शिवाय रात्रपाळीचं उत्पादन दोन दिवसांत फाटलं. तिथले एक जुने सेटर आहेत, ती त्यांना मामा म्हणते. ते हसून म्हणाले, "पोरी, कारखान्यात दिवस रात्री बाराला बदलत नाही. सकाळी सातला बदलतो."

हे वाक्य तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. मला दाखवलं. सॉफ्टवेअरच्या कुठल्या व्हिडिओत हे मिळालं असतं, सांगा.

आता जे सांगण्यासाठी मी हे सगळं लिहितोय, ते.

चौथ्या आठवड्यात आकडे यायला लागले आणि वरून निरोप आला: ऑपरेटरच्या नावाने यादी काढ. कोणाच्या हाताखाली मशीन किती मिनिटं बंद, उतरत्या क्रमाने. कोडच्या दृष्टीने पाच मिनिटांचं काम. त्या रात्री तिचा फोन आला. आवाज रडवेला. यादीत सगळ्यात वर रात्रपाळीचे दोघं होते. दोघंही कंत्राटी. त्यातला एक आपल्याच बाजूचा, जामखेडकडचा. मशीनची पहिली ओळख तिला त्यानेच करून दिलेली. "काका, उद्या यादी दिली तर यांना काढतील. नाही दिली तर मला सर्टिफिकेट मिळणार नाही."

मला कारखान्यातलं काही कळत नाही. बातमीतलं थोडं कळतं. मी एवढंच म्हणालो, "मशीन ११० मिनिटं बंद होतं ही माहिती झाली. ऑपरेटरमुळे बंद होतं, हे तुला कुणी सांगितलं? कारण न विचारता नाव छापलं की आमच्या धंद्यात त्याला अर्धी बातमी म्हणतात, आणि अर्धी बातमी खोट्या बातमीपेक्षा वाईट."

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सांगितलं, यादी देते, पण एक आठवडा द्या, कारणाचा रकाना टाकायचा राहिलाय. साहेब वाईट माणूस नाही. हो म्हणाले. टॅबवर सहा बटणं आली: इन्सर्ट नाही, माल नाही, सेटिंग, लाईट गेली, दुरुस्ती, इतर.

आठवड्याने चित्र वेगळं दिसलं. रात्रपाळीचा सगळ्यात मोठा वेळ "इन्सर्ट नाही" या बटणाखाली. का? तर स्टोअरची किल्ली संध्याकाळी स्टोअरकीपरबरोबर घरी जायची आणि सकाळी परत यायची. रात्री पातं संपलं की दुसऱ्या मशीनवरून उसनं आणा, नाहीतर बसून राहा. हे रात्रपाळीच्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. कागदावर कुठेच नव्हतं. आता इन्सर्टचा एक डबा रात्री शिफ्ट इन्चार्जकडे असतो.

सगळं गोड झालं असं नाही. "इतर" हे बटणही भरपूर दाबलं गेलं. जेवणाच्या सुट्टीनंतर मशीन उशिरा सुरू होतं हेही त्याच आकड्यांत दिसलं आणि एका ऑपरेटरला त्यावरून बोलणी बसली. तो तिच्याशी शेवटचे दहा दिवस बोलला नाही. तिला ते लागलं. लागायलाच हवं होतं, असं मला वाटतं. आपण लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो, हे एकदा तरी अंगावर यायला पाहिजे.

कारखान्यांत ओईई नावाचं एक माप वापरतात. जपानच्या सेइची नाकाजिमा यांच्या नावाने ते ओळखलं जातं. मशीन किती वेळ चालू, किती वेगाने चालू आणि किती माल चांगला, या तिन्हींचा गुणाकार. ९० टक्के वेळ, ९५ टक्के वेग आणि जवळपास सगळा माल चांगला असेल तर उत्तर येतं ८५ टक्के, आणि ते जगात उत्तम मानलं जातं. या मापात माणसाचं नाव कुठेच नाही. मशीन आहे, वेळ आहे, कारण आहे. नाव आपण घालतो.

आता पैशाचं बोलू.

कॉट, मेस, रिक्षा, गावी येणं-जाणं धरून तिचे सहा आठवड्यांत नऊ हजारांच्या वर गेले. घरच्या दुधाचे जवळपास दोन पगार. सरकारने मुलींसाठी काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. जुलै २०२४ च्या निर्णयानुसार ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ आहे. ही मुलगी इंजिनिअरिंगला आहे ती त्याच्याच जोरावर. पण त्याच शिक्षणाचा सक्तीचा भाग असलेले सहा आठवडे मात्र कुठल्याच हिशेबात नाहीत.

इंटर्नशिपच्या योजना नाहीत का? आहेत. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जुलै २०२४ मध्ये आली. बारावीला ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८ हजार, पदवीला १० हजार रुपये महिना. अट अशी की शिक्षण चालू असलेला उमेदवार चालत नाही. केंद्राची पीएम इंटर्नशिप योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हा महिना ५ हजार. सुरू होतानाच्या अटींत पूर्णवेळ शिकणारा बाद. १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावे लागतात आणि त्यांना ठरलेलं विद्यावेतन द्यावं लागतं. अभ्यासक्रमातल्या सहा आठवड्यांच्या इंटर्नशिपला तसं बंधन नाही.

म्हणजे बघा. इंटर्नशिप शिकत असतानाच करा, असं कॉलेज म्हणतं. पैसे शिक्षण संपल्यावरच देऊ, असं सरकार म्हणतं. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत दीड हजारांच्या प्रमाणपत्राचं दुकान चालतं. त्या पोरांना नावं ठेवणं सोपं आहे. ज्याच्या घरी नऊ हजार नाहीत, त्याला दीड हजारांचं खोटं परवडतं आणि खरं परवडत नाही.

आपल्याकडे इंटर्नशिपला जुना शब्द आहे, उमेदवारी. आता तो निवडणुकीपुरता उरलाय. पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी एका दैनिकात उमेदवारीला राहिलो तेव्हा सहा महिने फुकट काम केलं, मावशीकडे राहून. नगरात मावशी नसती तर मी आज पत्रकार नसतो. आणि या मुलीच्या शेजारी पत्रकार नसता तर तिच्याकडेही ते रंगीत प्रमाणपत्रच असतं. माझ्या एका फोनने एकीचं काम झालं, याचा मला आनंद आहे आणि थोडी लाजही आहे. तिच्या वर्गातल्या बाकीच्यांसाठी कोण फोन लावणार?

मागणं फार मोठं नाही. नागापूर आहे, सुपे आहे. कोणता कारखाना किती विद्यार्थी घेईल याची यादी जिल्हा उद्योग केंद्राने दर वर्षी कॉलेजांना द्यावी. युवा कार्य प्रशिक्षणातून शिकणाऱ्या मुलांना बाहेर ठेवणारी अट या सहा आठवड्यांपुरती शिथिल करावी. पूर्ण रक्कम नको, खोली आणि मेसचे पैसे निघाले तरी पुरे. आणि कॉलेजांनी प्रमाणपत्र बघण्यापेक्षा पोराला दोनच प्रश्न विचारावेत: तिथे अडचण काय होती, आणि ती तुला कुणी समजावून सांगितली?

परवा तिने मामांना फोन केला होता. टॅबचा चार्जर मध्ये जळाला, दोन दिवस परत रजिस्टर चाललं. मग ऑपरेटरनीच साहेबांच्या मागे लागून नवा चार्जर आणवला. "रजिस्टरमध्ये कारण लिहायला जागा नाही ना," मामा म्हणाले.

नगर, सुपे, रांजणगाव, चाकण भागात कुणाचा कारखाना असेल, वर्कशॉप असेल आणि यंदा एक-दोन मुलं सहा आठवडे घेता येत असतील, तर कमेंटमध्ये लिहा. मानधन किती देणार तेही लिहा. मिरजगावातून पोरं पाठवायची जबाबदारी माझी.