सुलतानाच्या स्वप्नाचा पत्ता

कोलकात्याला गेलेला माणूस हावड्याचा पूल पाहतो, व्हिक्टोरिया मेमोरियलसमोर फोटो काढतो, नाखुदा मशिदीत नमाज अदा करून झकेरिया स्ट्रीटवर पोटभर जेवतो आणि परतीच्या गाडीत बसतो. हिवाळ्याच्या सुटीत आम्हीही हे सगळे केले. माझ्या यादीत मात्र आणखी दोन ठिकाणे होती, एक शाळा आणि एक कबर. दोन्ही बेगम रुकय्या सखावत हुसैन यांची.

रुकय्या हे नाव आपल्या प्यारे नबी (स.) यांच्या साहेबजादीचे. बंगाली तोंडात त्याचे ‘रोकेया’ होते. म्हणून तिथे पत्ता विचारताना ‘बेगम रोकेया’ म्हणावे.

शाळा लॉर्ड सिन्हा रोडवर आहे. आज तिचे नाव सखावत मेमोरियल गव्हर्नमेंट गर्ल्स हायस्कूल. आम्ही पोहोचलो तेव्हा शाळा सुटत होती. पाठीवर दप्तर घेतलेल्या मुली घोळक्याने बाहेर पडत होत्या. कोणी रिक्षाकडे निघाली होती, कोणी मैत्रिणीच्या डब्यातले उरलेले खात होती. वीस वर्षे शिकवणाऱ्या बाईला हे दृश्य नवे नाही. तरी मी रस्त्याच्या पलीकडे बराच वेळ उभी राहिले, कारण या फाटकाच्या आधी काय काय घडले ते मला ठाऊक होते.

रुकय्यांचा जन्म १८८० चा, रंगपूरजवळच्या पायराबंद गावचा. आज ते बांगलादेशात आहे. घर जमीनदारांचे. मुलांना इंग्रजी शिकायला कोलकात्याला पाठवले जाई. मुलींसाठी मात्र कुरआन पठण झाले की तालीम झाली, असा हिशेब होता. मोठे भाऊ इब्राहिम साबेर यांनी रात्री घर झोपल्यावर बहिणीला इंग्रजी शिकवले आणि थोरली बहीण करीमुन्निसा यांनी बंगालीची गोडी लावली. १८९८ मध्ये निकाह झाला तो भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट सय्यद सखावत हुसैन यांच्याशी. शौहर उर्दू बोलणारे, वयाने बरेच मोठे आणि मनाने त्याहून मोठे. त्यांनी बेगमच्या हातातली लेखणी काढून घेतली नाही, उलट लिहायला हुरूप दिला.

एकदा ते दोन दिवस दौऱ्यावर गेले होते. घरात एकट्या असलेल्या रुकय्यांनी वेळ जावा म्हणून इंग्रजीत एक गोष्ट लिहिली. तीच ‘सुलतानाज ड्रीम’. १९०५ मध्ये ती मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये छापून आली. गोष्टीतली सुलताना आरामखुर्चीत बसल्या बसल्या एका अजब देशात पोहोचते. तिथे पुरुष मर्दान्यात बंद आहेत आणि बायका मोकळ्या रस्त्याने फिरतात. त्यांची विद्यापीठे आहेत. एका विद्यापीठाने ढगांतले पाणी उतरवून घेण्याची युक्ती काढली आहे, दुसऱ्याने सूर्याची उष्णता साठवण्याची. स्वयंपाकघरात ना कोळसा ना धूर, उन्हाच्या तापावर हंडी शिजते. चाल करून आलेल्या शत्रूला त्याच उन्हाने पळवून लावले जाते. एकवीस वर्षांच्या आत कोणा मुलीचे लग्न नाही. शेवटी सुलताना हवेत उडणाऱ्या गाडीतून घसरते आणि जागी होते तर काय, तीच खोली आणि तीच खुर्ची!

शौहरांनी परत आल्यावर ही गोष्ट उभ्या उभ्या वाचून काढली आणि हा तर भयंकर सूड आहे, असे ते म्हणाले. मला वाटते, ते हसतच म्हणाले असतील.

१९०९ मध्ये सखावत साहेबांचे निधन झाले. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी दहा हजार रुपये ठेवले होते. बेगमनी भागलपूरला पाच मुलींवर शाळा सुरू केली, पण घरातल्या वादांमुळे शहर सोडावे लागले. मग १९११ मध्ये कोलकात्याच्या वलीउल्लाह गल्लीत आठ मुलींसह तीच शाळा पुन्हा उभी केली. त्या स्वतः घरोघर जाऊन मुली मागत. मुलींच्या पडद्याची काळजी घेतली जाईल, असा दिलासा पालकांना देत.

शाळेच्या बसचा किस्सा त्यांनी ‘अवरोधबासिनी’ या पुस्तकात लिहून ठेवला आहे. पडद्यासाठी बस चहूबाजूंनी बंद केलेली होती. आत इतका कोंदट अंधार की मुली घाबऱ्या होत, कोणाला उलटी होई, कोणी बेशुद्ध पडे. तेव्हा बंद झडपा काढून कापडी पडदे लावले. लगेच तक्रारींची पत्रे आली की वाऱ्याने पडदे उडतात आणि मुली बेपर्दा होतात!

ज्या बाईने लेखणीने पुरुषांना मर्दान्यात बसवले, उडत्या गाड्या चालवल्या, ती प्रत्यक्षात एका बसच्या पडद्यावर लोकांची मनधरणी करत होती. स्वतःही पडदा पाळत होती. पडदा वेगळा आणि कोंडून ठेवणे वेगळे, हा फरक तिने आपल्या लेखात स्पष्ट मांडला होता. मला त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी शिकवण इथे दिसते. खयाली दुनिया रचणारा माणूस वास्तवापासून पळतो असे आपण समजतो. रुकय्या बेगमनी मोठे स्वप्न पाहिले म्हणूनच त्यांना लहान लहान तडजोडी करत तग धरता आला. कुठे पोहोचायचे ते ठाऊक असले की पडद्याचे कापड बदलताना कमीपणा वाटत नाही.

अखेरच्या वर्षांत त्या खरोखरच विमानात बसल्या. त्यावर त्यांनी ‘वायुयाने पंचाश माईल’ हा लेख लिहिला आणि जुन्या गोष्टीतल्या हवाई गाडीची आठवण काढली. एका हयातीत आपली कल्पना डोळ्यांनी पाहणे किती लेखकांच्या नशिबी येते?

दुसऱ्या दिवशी सियालदहहून लोकलने सोदपूरला गेलो. हुगळीकाठच्या पाणिहाटीत त्यांची कबर आहे. ९ डिसेंबर १९३२ रोजी त्या अल्लाहला प्यारी झाल्या. मेजावर ‘नारीर अधिकार’ हा लेख अर्धवट होता. पुढे कबरीची जागाही लोक विसरले. इतिहासकार अमलेंदू डे यांच्या प्रयत्नांमुळे ती पुन्हा सापडली. ती जागा आज मुलींच्या एका शाळेच्या आवारात आहे. आम्ही फातिहा पढलो. जिने मुलींसाठी उंबरे झिजवले, तिच्या उशाशी रोज मुलींची किलबिल असते. याहून चांगली सोबत कोणती?

आमच्या गावात दहावीनंतर कॉलेज तेवीस किलोमीटरवर आहे. दरवर्षी हुशार मुली तिथेच थांबतात. ‘मॅडम, मुलगी शिकावी असं आम्हालाही वाटतं, पण एसटीनं एकटी कशी पाठवू?’ हा सवाल मी दर जूनमध्ये ऐकते. ती काळजी खोटी नाही. तिला लेक्चर देऊन उत्तर मिळत नाही. यंदा चार घरांच्या अम्मींना एकत्र बसवले आहे. चौघी मुली एकाच एसटीने जातील आणि पहिला महिनाभर एकीची खाला सोबत जाईल, असे ठरते आहे. उडती गाडी नाही, लाल एसटी आहे. पण ती सकाळी साडेसहाला सुटते, आणि चार जागा आम्हाला हव्या आहेत.