दगडांचे वय : ब्रिटनीची दोन बंदरे

१/ फ्रान्सच्या वायव्येला अटलांटिक महासागरात घुसलेला प्रदेश म्हणजे ब्रिटनी. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर सॅं-मालो, दक्षिण किनाऱ्यावर लोरियाँ. दोन्ही बंदरांचा हिंदुस्थानाशी जुना संबंध आहे, आणि दोन्ही दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झाली. राखेतून उठताना मात्र त्यांनी वेगवेगळे मार्ग निवडले. त्या निवडीविषयी हा धागा.

२/ सॅं-मालोची तटबंदी प्रवाशाला पाहताक्षणी भुरळ घालते. मोठ्या उधाणाला येथे भरती-ओहोटीतील अंतर बारा मीटरांच्याही वर जाते. ओहोटी लागली की वाळूवरून चालत ग्राँ-बे बेट गाठता येते. तेथे साहित्यिक शातोब्रियाँ याची समाधी आहे. तटाच्या आत ग्रॅनाइटची उंच घरे आणि अरुंद गल्ल्या. सारे शतकानुशतके तसेच उभे असावे, असे वाटते.

३/ ते तसे नाही. ऑगस्ट १९४४ मध्ये अमेरिकी सैन्याने जर्मनांच्या ताब्यातील या शहराला वेढा घातला. तोफा, बाँब आणि आग यांतून तटाच्या आतील ८६५ इमारतींपैकी अवघ्या १८२ उरल्या. तटबंदी मात्र टिकली. १९४८ ते १९६० या काळात शहर जुन्या रूपाशी मिळतेजुळते पुन्हा बांधले गेले. प्रवासी ज्या भिंतींना प्राचीन समजतो, त्यांतील बहुतेक त्याच्या आजोबांच्या वयाच्या आहेत.

४/ हे शहर कोर्सेरांचे, म्हणजे राजसत्तेच्या परवान्याने शत्रूची जहाजे लुटणाऱ्या दर्यावर्दींचे. १७४६ मध्ये इंग्रजांकडून मद्रास जिंकणारा ला बूर्दोने येथलाच. १८०० मध्ये बंगालच्या उपसागरात ईस्ट इंडिया कंपनीचे ‘केंट’ जहाज पकडणारा रोबेर स्युर्कूफही येथलाच. तटावर त्याचा पुतळा समुद्राकडे बोट दाखवीत उभा आहे. स्युर्कूफने गुलामांचा व्यापारही केला होता. पुतळ्याच्या त्या वीरमुद्रेत याचा मागमूस नाही.

५/ आता दक्षिण किनारा. १६६४ मध्ये कोल्बेरच्या पुढाकाराने फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली आणि १६६६ पासून तिची गोदी एका खाडीकाठच्या माळावर उभी राहू लागली. तेथे बांधलेल्या ‘सोलेय दोरियाँ’, म्हणजे ‘पूर्वेचा सूर्य’, या जहाजावरून गावाला लोरियाँ हे नाव पडले. नावाचा अर्थच ‘पूर्व’.

६/ १६६८ मध्ये या कंपनीने सुरतेला वखार घातली. ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली, तेव्हा ही वखार तेथे होती. ब्रिटनीतील त्या माळाचे भवितव्य सुरत, पाँडिचेरी आणि चंद्रनगर यांच्याशी जोडले गेले होते.

७/ पुढे अठराव्या शतकात लोरियाँला कंपनीच्या मालाचे मोठे लिलाव होत : मिरी, चहा, चिनी मातीची भांडी आणि हिंदी सुती कापड. गंमत अशी की १६८६ ते १७५९ या काळात छापील सुती कापडावर फ्रान्समध्ये बंदी होती. तरी ते परदेशी विक्रीसाठी येथे येई. हेच हिंदी कापड आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसे विकत घेण्यासाठीही दिले जाई. कोरोमंडलच्या विणकराला आपले ठाण कोणाच्या गळ्यातील साखळीचे मोल होणार, हे कळण्याचा मार्ग नव्हता.

८/ १९४१ पासून जर्मनांनी लोरियाँच्या केरोमान येथे पाणबुड्यांचा प्रचंड तळ बांधला. १९४३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दोस्तांच्या विमानांनी शहर उद्ध्वस्त केले. तळाचे काँक्रीटचे छत, काही ठिकाणी साडेसात मीटर जाडीचे, अभेद्य राहिले. घरे गेली, लक्ष्य शाबूत राहिले.

९/ लोरियाँने जुन्या रूपाची प्रतिकृती केली नाही. सरळ रस्ते, साध्या आधुनिक इमारती असे नवे शहर उभे राहिले. म्हणून पुष्कळ प्रवासी त्याला रूक्ष ठरवून पुढे निघून जातात. पण समोरच्या पोर-लुईच्या किल्ल्यातील कंपनीच्या संग्रहालयात जहाजांच्या प्रतिकृती, नकाशे आणि हिंदी कापड पाहिले की रूक्ष रस्त्यांखाली काय गाडले गेले, ते उमगते.

१०/ सॅं-मालोने रूप राखले, लोरियाँने जखम लपवली नाही. घर गमावलेल्या माणसाला ओळखीची गल्ली परत हवी असते, हेही खरे. त्यामुळे यांतील एकालाच दोष देणे अन्यायाचे होईल. मात्र कोणत्याही बंदरात शिरताना दोन प्रश्न सोबत असावेत : हे दगड केव्हाचे, आणि त्यांचा पैसा कोठून आला? सिंधुदुर्ग असो वा सॅं-मालो, इतिहासाचा अभ्यास तेथूनच सुरू होतो.

धागा समाप्त.