मुंग्यांचे कोठार

माणसाला प्राणी पाळण्याची हौस फार जुनी आहे. कुत्रा दारात आपली वाट पाहतो, मांजर पायांत घोटाळते, पोपट आपलेच शब्द आपल्याला ऐकवतो. पाळलेल्या जिवाने आपल्याला ओळखावे ही आपली अपेक्षा असते. मुंग्या पाळणाऱ्याला मात्र ती सोडूनच द्यावी लागते. तरीही युरोपात हा छंद जोपासणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या विशेष आवडीची मुंगी म्हणजे भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागात आढळणारी, बिया वेचून साठवणारी ‘मेसॉर बार्बारस’.

माझी भाची नोकरीनिमित्त माद्रिदला राहते. तिच्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला, तेव्हा ही मंडळी मला जवळून पाहायला मिळाली. स्पेनमध्ये शरद ऋतूत चांगला पाऊस पडून गेला, की पंख असलेल्या राण्या आणि नर उडतात. मीलनानंतर राणी जमिनीवर उतरते आणि आपले पंख स्वतःच गाळून टाकते. अशी एक राणी भाचीने रस्त्याकडेला उचलली व काचेच्या नळीत ठेवली. नळीच्या एका टोकाला पाणी व ते अडवणारा कापसाचा बोळा, दुसऱ्या टोकाला हवेपुरता सैल बोळा आणि सगळ्यावर अंधार. पहिल्या मुली कामाला लागेपर्यंत राणी काहीही खात नाही. उडण्याच्या स्नायूंचा तिला आता उपयोग नसतो. ते शरीरातच विरघळतात आणि त्यांवर ती पहिली पिल्ले वाढवते. हाडांची काडे करणे म्हणतात ते हेच! (मुंगीला हाडे नसतात, एवढीच काय ती अडचण.)

मी पाहिली तेव्हा त्या वसाहतीला तीन वर्षे झाली होती. नळीच्या जागी प्लास्टरमध्ये कोरलेली, काचेने झाकलेली दालने आली होती. ओलसर दालनांत अंडी आणि अळ्या, कोरड्या दालनांत धान्य. ओल लागली तर दाण्यांना मोड येतात, हे मुंग्यांना कोणी शिकवावे लागत नाही. मोड आलाच, तर मुळाचा कोवळा अंकुर त्या कुरतडून टाकतात. भाची बाहेरच्या मोकळ्या जागेत गवताचे बी, खसखस, राळे टाकी. सकाळचे दाणे संध्याकाळपर्यंत आत जात आणि फोलपटांचा ढीग एका कोपऱ्यात वाढत राही.

मुंग्या धान्य साठवतात, ही गोष्ट प्राचीन लोकांना ठाऊक होती. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या ज्यूंच्या धर्मसंहितेत, शेतातील मुंग्यांच्या बिळात सापडलेले धान्य मालकाचे की गरिबांचे, याचा खल केलेला आहे. उत्तर युरोपातील अभ्यासकांना मात्र ही दंतकथा वाटे, कारण त्यांच्याकडच्या मुंग्या धान्य साठवत नसत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विल्यम सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने मुंग्या गवताचे भिजलेले बी वाळवायला बाहेर आणतात, अशी नोंद केली ती आपल्या पुण्यात. पुढे मॉग्रिज या तरुण निसर्गअभ्यासकाने दक्षिण फ्रान्समधील मेंटन येथे बिळे उकरून कोठारे पाहिली आणि १८७३ साली आपले पुस्तक प्रसिद्ध केले. तेव्हा कोठे तो वाद मिटला.

त्या काचेखाली माझे लक्ष सर्वाधिक वेधले ते मुंग्यांच्या आकारांनी. सर्वांत लहान मुंगी जेमतेम ३-४ मिलिमीटरची, तर सर्वांत मोठी १२ मिलिमीटरच्या आसपास, भले थोरले तांबूस डोके असलेली. त्या डोक्यात जबड्याचे भक्कम स्नायू भरलेले असतात. अशा मुंग्यांना सरसकट ‘सैनिक’ म्हणण्याची पद्धत आहे. महिनाभरात मी त्यांची एकच लढाई पाहिली, टणक टरफलांशी! दाणा फुटला, की इतर मुंग्या तो लाळेत कालवून चावत बसतात. त्या लगद्याला हौशी मंडळी ‘मुंग्यांची भाकरी’ म्हणतात. लहान मुंग्या ती अळ्यांपर्यंत पोहोचवतात.

एके संध्याकाळी भाचीने विचारले, “मावशी, इंग्रजीत या प्रकारांना ‘कास्ट’ म्हणतात. मराठीत काय म्हणायचं? जात?”

प्रश्न साधा होता, पण मी थबकले. ‘कास्ट’ हा शब्द ‘कास्ता’ या पोर्तुगीज शब्दावरून आला. कास्ता म्हणजे वंश, कूळ. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तो आपल्या समाजाला लावला, इंग्रजीने तो उचलला आणि पुढे कीटकशास्त्रज्ञांनी मुंग्यांच्या बिळात नेला. आपल्या समाजातून गेलेला हा शब्द आपण ‘जात’ म्हणून परत आणावा काय? जात आईबापांकडून येते आणि मुलांकडे जाते. इथे तर साऱ्या एकाच राणीच्या लेकी. कोण किती मोठी होणार, यात अळी असताना मिळालेल्या पोषणाचा मोठा वाटा असतो. थोरल्या डोक्याच्या मुंगीला थोरल्या डोक्याच्या लेकी होत नाहीत. वंश चालतो तो राणीकडून. आणि कोठाराला कोणाचीच शिवाशीव नाही. शिवाय प्राणिशास्त्रात ‘जाती’ हा शब्द निराळ्याच अर्थाने रूढ आहे. ‘मुंग्यांतही जाती असतात’ असे वाक्य पुस्तकात छापले, तर ते वाचणारे मूल त्यातून काय घेईल, हा विचार माझ्यासारखीला टाळता येत नाही.

“प्रकार म्हण,” मी तिला सांगितले. “आणि त्या मोठीला सैनिक नको, दळणारी म्हण. घरातलं जातं आहे ती.”

‘राणी’ या शब्दाबद्दलही माझी तक्रार आहे. ती कोणाला हुकूम देत नाही, नुसती अंडी घालते. पण तो शब्द आता इतका रुळला आहे, की त्याला हात लावण्यात अर्थ नाही.

असा छंद आपल्याकडे कोणाला करावासा वाटला, तर परदेशी मुंग्या मागवू नयेत. त्या निसटून बाहेर रुजल्या, तर इथल्या जिवांवर संकट येऊ शकते. आपल्या माळरानांवरही धान्य वेचणाऱ्या मुंग्या आहेत. बिळाभोवती फोलपटांचे कडे दिसले, की त्यांचे घर सापडले.

ही राणी दहा वर्षांहूनही अधिक जगू शकते, हे भाचीला ती उचलतानाच ठाऊक होते. हिवाळ्यात दोन-तीन महिने या मुंग्यांना गारव्यात विश्रांती लागते. स्वयंपाकघराच्या उबेत ठेवून चालत नाही. गेल्या वर्षी भाचीने त्याच शहरात घर बदलले. घरमालकाला तिने भाड्याच्या आधी विचारले ते हेच, की हिवाळ्यात न तापवलेली एखादी खोली मिळेल का?