मूर्तिजापूर ते मार्डी रोड : लेकीसोबत एक दिवस

कॉलेजच्या फलकावर युवा महोत्सवाची सूचना लागली, तेव्हा माझ्या लेकीने मोबाइलवर तिचा फोटो काढून आणला आणि रात्री जेवताना माझ्यापुढे धरला. विद्यापीठाच्या युवा महोत्सवासाठी कॉलेजचा संघ निवडायचा होता. स्पॉट पेंटिंगसाठी सरांनी तिचं नाव आधीच लिहून घेतलं होतं. खाली शेवटची ओळ होती : पालकांची संमती आवश्यक.

अम्मी समोरच बसल्या होत्या. त्यांनी तीन प्रश्न विचारले. अमरावतीला रात्री राहायचं कुठे? सोबत कोण? आणि तिथल्या नाचगाण्यात आपल्या पोरीचं काय काम? मग थोडं थांबून चौथा प्रश्न आला, "चेहरे काढायला लावले तर?"

मी लगेच काही बोललो नाही. कारण हे प्रश्न या घरात पहिल्यांदा विचारले जात नव्हते. माझी आपा शाळेत चित्रकलेत कायम पहिली यायची. तालुक्याबाहेरच्या एका स्पर्धेसाठी तिचं नाव गेलं होतं, पण अब्बांनी जाऊ दिलं नाही. अब्बा कठोर नव्हते. ती जागा त्यांनी कधी पाहिली नव्हती, एवढंच. आपा आज आपल्या घरी सुखात आहे, अलहम्दुलिल्लाह. ईदच्या आदल्या रात्री मेंदी काढून घ्यायला मोहल्ल्यातल्या मुली तिच्याकडे रांग लावतात. पण तिच्या हाती रंगाचा ब्रश मी पुन्हा पाहिला नाही.

म्हणून ठरवलं, हो किंवा नाही म्हणण्याआधी एकदा जागा पाहून येऊ. दुकान भावावर सोपवलं आणि लेकीला घेऊन सकाळीच स्टेशन गाठलं.

आपलं मूर्तिजापूर लहान असलं तरी जंक्शन आहे. मुंबई-नागपूरची मोठी लाइन इथून जाते आणि शकुंतला रेल्वेच्या दोन शाखा इथेच फुटतात, एक अचलपूरकडे, दुसरी कारंजा, दारव्ह्यावरून यवतमाळकडे. वऱ्हाडचा कापूस मोठ्या लाइनपर्यंत आणण्यासाठी किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा अरुंद रूळ टाकला. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन इथे १९९४ पर्यंत चाललं, मग डिझेल आलं. आता काही वर्षांपासून गाडीच बंद आहे आणि रुळांत गवत माजलं आहे. माझ्या लेकीची निम्मी वही याच रुळांनी भरलेली आहे. गाडी यायला वेळ होता, तेवढ्यात तिने आणखी एक पान भरलं.

गाडीने माना, कुरुम मागे टाकलं. खिडकीबाहेर सोयाबीनची काढणी चालू होती, कपाशीची बोंडं फुटू लागली होती. लेकीने विचारलं, "अब्बू, विद्यापीठाला गाडगेबाबांचं नाव का दिलं?"

मी म्हणालो, "कारण ते आपल्याच तालुक्यात वाढले." शेंडगावला १८७६ साली जन्मलेले डेबूजी जानोरकर वडील गेल्यावर आईसोबत मामाच्या घरी आले, ते दापुऱ्याला. दापुरा आपल्या मूर्तिजापूर तालुक्यातलंच गाव. तिथे त्यांनी गुरं राखली, शेती केली. शाळा त्यांच्या वाट्याला आली नाही. पुढे हातात झाडू आणि गाडगं घेऊन गावोगाव फिरले. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन करायचं. कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत. भाषा साधी वऱ्हाडी. जेवायचं ताट मोडावं लागलं तरी चालेल पण पोरांना शिकवा, असं ते सांगत. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ त्यांचं निधन झालं. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झालं आणि पुढे त्याला बाबांचं नाव मिळालं. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाचं नाव विद्यापीठाला आहे आणि त्या माणसाची शाळा म्हणजे रात्रीचं कीर्तन, म्हणजे कलाच होती.

मूर्तिजापूरहून बडनेरा साधारण चाळीस किलोमीटर. तिथून ऑटोने अमरावती शहर, राजकमल चौकात ऑटो बदलली. ऑटोवाल्याने विचारलं, "विद्यापीठात काय हाय भाऊ आज? पोरीची अ‍ॅडमिशन?" मी म्हणालो, "नाही, चित्राची स्पर्धा आहे पुढे, जागा पाहायला चाललो." तो हसला, "मंग चांगलं हाय. लोक निकाल लागल्यावरच येतात."

वाटेत लेकीला सांगितलं की, सुरेश भट याच अमरावतीत १९३२ साली जन्मले. फारसी-उर्दूतून आलेली गझल त्यांनी मराठीत अशी रुजवली की आज वऱ्हाडातली कितीतरी पोरं मराठीत गझल लिहितात. आपल्या घरात मुशायऱ्याच्या गोष्टी निघतात, ती चीज इथे मराठीच्या अंगणात वाढली. अम्मींचा तिसरा प्रश्न माझ्या डोक्यात होताच. तिथलं सगळं परक्यांचं आहे, असं आपण बसल्याजागी धरून चालतो का?

मार्डी रोडवरून आत शिरलो की शहराचा गोंगाट मागे पडतो. झाडी दाट आहे आणि पलीकडे टेकड्या दिसतात. या परिसरात बिबट्या दिसल्याच्या बातम्या अधूनमधून पेपरात येतात, त्या वाचून लेक आधीच हरखली होती. आम्ही डॉ. के. जी. देशमुख सभागृहापर्यंत चालत गेलो. लेक पायरीवर उभी राहून बराच वेळ दाराकडे पाहत होती. मग विद्यार्थी विकास विभागात जाऊन चौकशी केली. तिथल्या एका गृहस्थांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि सगळं समजावून सांगितलं.

महोत्सव कधी विद्यापीठात, तर कधी एखाद्या कॉलेजात भरतो. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांतली कॉलेजं त्यात येतात. कला पाच गटांत असतात : संगीत, नृत्य, नाट्य, वाङ्मय आणि ललित कला. नाचगाणं त्यात आहेच, पण वक्तृत्व आहे, वादविवाद आहे, प्रश्नमंजूषा आहे. एकांकिका, प्रहसन, मूकाभिनय आहे. चित्र, कोलाज, पोस्टर, व्यंगचित्र, मातीकाम, रांगोळी, फोटोग्राफी आहे. एकाला भाग घ्यायचा म्हणजे सगळ्यात घ्यायचा असं नाही. मुलीला वक्तृत्वात बोलायचं असेल तर तिला पाच मिनिटं आणि एक विषय मिळतो. स्पॉट पेंटिंगला साधारण अडीच तास. विषय जागेवर सांगतात, कागद आयोजक देतात, रंग आणि ब्रश आपले न्यायचे. इथे निवडली गेलेली मुलं पुढे इंद्रधनुष्यला जातात. राज्यातल्या विद्यापीठांचा हा महोत्सव २००३ पासून भरतो.

मुक्कामाचं आणि सोबतीचं विचारलं. ते म्हणाले, हे तुमच्या कॉलेजला स्पष्ट विचारा, मुलींच्या संघासोबत बाई कोण येणार ते नावासकट विचारून घ्या, त्यात संकोच करू नका. मला हे उत्तर आवडलं. विचारणाऱ्या बापाला त्यांनी मागासलेला ठरवलं नाही.

जोहरची नमाज झाडाखाली अदा केली. डबा खाताना लेक स्वतःहून म्हणाली, "अब्बू, दादीचा चौथा सवाल मलाही पडलाय. बाजार काढा म्हणाले तर माणसं येणारच. मी पाठमोरी काढीन, लांबून. ओझं घेतलेली, छत्री घेतलेली. चेहऱ्याशिवाय पण बाजार दिसतो." मी तिला नरनाळ्याची आठवण दिली. आपल्याच अकोला जिल्ह्यातल्या त्या किल्ल्याचा महाकाली दरवाजा पंधराव्या शतकातला आहे. त्यावर दगडात कोरलेली कमळं आहेत आणि अरबी अक्षरांच्या पट्ट्या आहेत. एकही चेहरा नाही, तरी माणूस मान वर करून उभाच राहतो. मी काही आलिम नाही, म्हणून निकाल दिला नाही. पण अठरा वर्षांची पोर हा प्रश्न टाळत नाही, त्यावर विचार करते, हे मला त्या झाडाखाली कळलं. घरी बसून कळलं नसतं.

मगरिबच्या सुमाराला परतलो. अम्मींना एकेक गोष्ट सांगितली, बाईंचं नाव विचारायचं ठरलं तेही सांगितलं. त्या ऐकत होत्या, हो म्हणाल्या नाहीत. मग लेकीने सकाळचं पान त्यांच्यापुढे ठेवलं : गवतात बुडालेले रूळ, आणि त्यावर तिने मनाने काढलेला शकुंतलेचा एक डबा. अम्मी कारंज्याच्या. लग्न होऊन त्या याच गाडीने मूर्तिजापूरला आल्या होत्या, वाफेच्या इंजिनाच्या दिवसांत. चष्मा लावून त्यांनी चित्र बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "खिडकी रिकामी का ठेवली? इथे मी बसले होते. कोळशाची कणी गेली होती डोळ्यात."

लेकीने पेन्सिल घेतली आणि खिडकीत ओढणीची कड काढली, तेवढीच.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन सोबत येणाऱ्या बाईंना भेटलो आणि संमतीपत्रावर सही केली. निवड अजून व्हायची आहे. नंबर लागेल, न लागेल. लागला तर आम्ही घरचे सगळे अमरावतीला पाहायला जाणार आहोत, इन्शाअल्लाह. आपालाही निरोप धाडला आहे. तिने फक्त एवढंच विचारलं, "रंग कोणते घेतलेत?"

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या गावच्या कॉलेजातही असा कागद फलकावर लागत असेल. आपल्या मुलाने किंवा मुलीने तो तुमच्यापुढे धरला तर नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहेच. पण आधी एक दिवस काढा, मुलांना सोबत घ्या आणि ती जागा पाहून या. माझ्या अब्बांना ती सवड मिळाली नाही. आपल्याला गाडीच्या तिकिटाएवढ्या खर्चात ती मिळते.